लिंगैक्य उमाबाई

मी एम.ए.ला विद्यापीठात पहिली आले तेव्हा धारूरमध्ये मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "कशात?" त्याचं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न यायचा, "म्हणजे काय?" विषयाचं नावच एवढं लांब की ते सांगून होईपर्यंत समोरच्याचा चहा संपायचा. संस्कृती, माध्यमे आणि सर्जनशील उद्योग. आमचे कल्याणराव आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, यांनी त्यावर तोडगा काढला. ते सगळ्यांना सांगायचे, पोरगी मीडियात हाय. मग लोक समाधानाने मान हलवायचे आणि मी टीव्हीवर कधी दिसणार ते विचारायचे.

पुण्यात राहून मी दोन वर्षं काय शिकले ते सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरच उभा आहे. माणसं एकमेकांना कशी दाखवतात, दाखवण्याचा धंदा कोण करतं आणि त्यातून कोण बाहेर राहतं, हे आम्ही शिकायचो. वर्गातल्या मुलांनी प्रबंधाला सिनेमा, वेबमालिका, जाहिराती असले गुळगुळीत विषय घेतले. मी आमच्या धारूरचे फ्लेक्स घेतले. हो, तेच. चौकातले, बसस्टँडवरचे, किल्ल्याकडे जाताना खांबाखांबाला टांगलेले. माझ्या मार्गदर्शक बाई आधी हसल्या, मग विचारात पडल्या आणि म्हणाल्या, कर.

सुट्टीत आले की मी मोबाइल घेऊन फ्लेक्सचे फोटो काढत फिरायचे. पोरीचं डोकं फिरलंय असं अर्ध्या गावाचं मत झालं, उरलेल्या अर्ध्याला वाटलं मी विरोधी पार्टीची माणूस आहे. पण मला जे दिसलं ते दिसलं. कुणाचा चेहरा केवढा, कोण कुणाच्या उजव्या हाताला, कोण खाली हरभऱ्याएवढा, याचे पक्के नियम आहेत. ते कुणी लिहिलेले नाहीत आणि कुणी मोडत नाही. बाया थोड्या. ज्या आहेत त्या नवऱ्याशेजारी, डोक्यावर पदर, हात जोडलेले. निवडून आली बाई, पण मोठा फोटो नवऱ्याचा. आणि विधवा एकही नाही. म्हणजे एका प्रकारच्या फ्लेक्सवर आहेत, श्रद्धांजलीच्या. नवरा गेला की बाई आमच्या गावाच्या फलकांवरून गायब होते आणि स्वतः मेल्यावरच परत येते. हे वाक्य माझ्या प्रबंधात आहे. परीक्षकांनी मला त्या एका वाक्यावर बराच वेळ बोलतं ठेवलं.

ते वाक्य मला पुस्तकांनी शिकवलं नव्हतं. माझे वडील, सिद्धाराम, मी नववीत असताना दुकानातच छातीत कळ येऊन गेले. आमचं किराणा दुकान. आप्पांचं म्हणणं होतं की दुकान भाड्याने द्यावं, बाईमाणूस गल्ल्यावर बसलेलं बरं दिसत नाही. माझी आई, उमाबाई, जन्मात कधी आप्पांसमोर तोंड वर करून बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. चौदावा दिवस उजाडला, तिने शटर वर केलं आणि गल्ल्यावर जाऊन बसली. तिथेच बसून तिने मला बारावी केलं, अंबाजोगाईला पदवी केलं आणि पुण्याला पाठवलं.

पण लग्नाकार्यात ती हळूहळू मागच्या रांगेत गेली. कुणी तिला "मागं बस" म्हणालं नाही. आमच्याकडे असं कुणी तोंडावर म्हणत नाही. "उमाबाई, इकडं पंख्याखाली बसा की," म्हणतात, आणि पंखा नेमका मागच्या रांगेवर असतो. ओवाळायची वेळ आली की तिला पाण्याच्या पिंपाकडे काहीतरी काम निघतं. वर आम्ही लिंगायत. आमच्यात सुतक नाही, विटाळ नाही, शिवाच्या दारात सगळे सारखे. आप्पा दर कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला जाऊन हे ऐकून येतात आणि परतल्यावर महिनाभर आम्हाला ऐकवतात. ऐकणं आणि वागणं ही दोन वेगळी खाती आहेत, हे मला लवकर कळलं.

सत्काराची कल्पना आप्पांची. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती. राधाकिशन अण्णांना नगराध्यक्ष व्हायचं होतं, त्यासाठी त्यांना आमच्या समाजाची मतं हवी होती, आणि आप्पांना अण्णांच्या शेजारची खुर्ची हवी होती. मधल्यामध्ये मी सापडले. मठाजवळचं मंगल कार्यालय ठरलं, शाल ठरली, पेढे ठरले. आणि अर्थातच फ्लेक्स.

मी आप्पांना सांगितलं, सत्कार करा, माझी ना नाही, पण फ्लेक्सवर आईचा फोटो पाहिजे. आप्पा म्हणाले, बघू. आप्पांचं बघू म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधला मार्ग आणला. सिद्धारामचा फोटो टाकू, बापाचा आशीर्वाद. मी म्हटलं, बापाचा टाकाच, पण शिकवलं आईने, तिचा का नाही? आप्पा इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून बोलले.

"शुभ काम हाय, वर्षा. समजून घेत जा."

मी समजून घेतलं. मेलेल्या बापाला जागा होती, जित्या आईला नव्हती. ज्या फ्लेक्सवर हे होणार होतं तो फ्लेक्स कशासाठी होता? फ्लेक्सवर कोण दिसत नाही, हे लिहिल्याबद्दल मला शाबासकी देण्यासाठी. अख्ख्या गावात माझा प्रबंध एका माणसानेही उघडलेला नव्हता, आणि त्याचं कौतुक करायला अख्खा गाव निघाला होता. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी आप्पांना तिथल्या तिथे सांगितलं, आईचा फोटो नसेल तर मी स्टेजवर येणार नाही, तुम्ही शाल अण्णांनाच घाला.

पत्रिका वाटून झाल्या होत्या. आप्पांचा नाइलाज झाला. म्हणाले, बरं बाई, पाठव फोटो त्या प्रविणला.

प्रविण म्हणजे बसस्टँडजवळचा फ्लेक्सवाला. गावातले नव्वद टक्के चेहरे याच्या मशिनीतून बाहेर पडलेले. मी त्याला आईचा फोटो पाठवला. दुकानात मीच काढलेला, निळ्या साडीतला. हातात तराजू आणि समोरच्या गिऱ्हाइकाला काहीतरी सुनावताना हसू आलेलं. खाली लिहिलं, माझी आई उमाबाई, वडिलांच्या शेजारी घे. प्रविणने अंगठा पाठवला.

सत्काराच्या दिवशी सकाळी आमच्या शेजारच्या दगडाबाई डोळ्याला पदर लावून दुकानाच्या पायरीशी आल्या. आई शेंगदाणे जोखत होती. दगडाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पदर खाली आला, त्या मटकन पायरीवर बसल्या आणि आधी आईलाच बोलल्या, की असं कुणी करतं का, माझा जीव गेला असता. आईला काही कळेना. दगडाबाई म्हणाल्या, चौकात जाऊन बघ.

आईच्या आधी मी पळाले.

फ्लेक्स चांगला ऐसपैस होता. मधोमध राधाकिशन अण्णा, कमरेपासून वर, हात जोडलेले, दात दिसतील असे. डावीकडे त्यांचे दोन नेते, उजवीकडे आप्पा. खाली शुभेच्छुकांची रांग. डाव्या कोपऱ्यात मी, पदवीची टोपी घातलेली. टोपी माझी नव्हती, प्रविणने चिकटवली होती. आणि सगळ्यात वर, देवांच्या ओळीत, दोन लंबगोल. दोन्हींना झेंडूचे हार. एकाखाली लिं. सिद्धाराम. दुसऱ्याखाली लिं. उमाबाई.

आमच्यात मेलेल्या माणसाला स्वर्गीय म्हणत नाहीत, लिंगैक्य म्हणतात. नावाआधी लिं. लागलं की माणूस गेला. प्रविणने आईच्या हातातला तराजू कापला होता आणि तिच्या मागे निळं आकाश टाकलं होतं. ढगात बसून माझी आई हसत होती.

प्रविण दुकानात बसून होता, लाइट गेल्यामुळे मशीन बंद. हा प्रविण रोज आमच्याकडून चहापत्ती नेतो. काल संध्याकाळीच आईने त्याला सुट्ट्या पैशांवरून झापलं होतं. मी विचारलं, माझी आई मेली हे तुला कुणी सांगितलं? तो बिचारा उठून उभाच राहिला.

"सवयीनं हात गेला, ताई. आशीर्वादात फोटो आला की आमी हारच टाकतो. काकूसारख्या बायांचे फोटो दुसऱ्या कशाला येतच न्हाईत आमच्याकडं."

मी भांडायला आले होते आणि माझाच प्रबंध मला उभ्याउभ्या ऐकू आला. त्याच्यावर चिडून काय करणार? त्याच्या कॉम्प्युटरमध्ये विधवेसाठी एकच चौकट होती आणि तिला हार घातलेला होता. त्याने वडिलांची चौकट उचलली होती, शेजारी ठेवली होती, फोटो बदलला होता. नवीन फ्लेक्स छापायचा तर लाइट नाही, ती संध्याकाळशिवाय येत नाही. शेवटी तो म्हणाला, शिडी लावून वर चढतो, हारावर निळा कागद चिकटवतो आणि लिं.वर पांढरी पट्टी मारतो. मी म्हटलं, चल.

आम्ही शिडी घेऊन चौकात पोहोचलो तर आप्पा फ्लेक्सखाली उभे. मला धीर आला. भावजयीला मेलेली दाखवलंय, आता हे प्रविणला फाडून खातील. आप्पांनी शिडी धरली. चढायला नव्हे, अडवायला.

"राहू दे, प्रविण. आता पट्टी मारली तर लोक विचारतेल, शुभ कामात विधवेचा फोटो कावून लावला म्हणून. हे बरं हाय. मेलेल्या माणसाला कुणी नाव ठेवत न्हाई."

मी दोन वर्षं सत्ता, प्रतिमा, अदृश्यता असले शब्द वापरून पानं भरली. आप्पांनी ते सगळं एका वाक्यात आणि शांतपणे सांगून टाकलं. त्यांचा आवाज वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी तोडगा काढलाय. आईचा फोटोही लागला, रीतही राहिली, माझं समाधानही झालं. फक्त एक बाई जिवंत होती, तेवढी तडजोड. मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, पण चौकातल्या रिक्षावाल्यांनी माना वळवल्या. आप्पा म्हणाले, संध्याकाळपुरता प्रश्न आहे, उगं गाव गोळा करू नको.

घरी आले तर आई फोनवर होती. दिंद्रुडहून विश्वेश्वरमामांचा फोन. कुणीतरी त्यांना फ्लेक्सचा फोटो पाठवला होता आणि मामांनी बहीण कधी गेली, माती कधी आहे, हे विचारायला बहिणीच्याच नंबरवर फोन केला होता. आईने उचलला. मामा रडायलाच लागले, आणि आई त्यांना समजावत बसली की अरे मी बरी आहे, जेवलास का. फोन ठेवून तिने मोबाइल गल्ल्यावर पालथा घातला.

मी म्हटलं, मी जाणार नाही. काय करतील ते करतील, सत्कारच नको मला. आईने शेंगदाण्याचं पोतं बांधलं, शटर खाली ओढलं. गल्ल्यावर बसायला लागल्यापासून दिवसाउजेडी तिने दुकान कधी बंद केलं नव्हतं.

"जायचं," ती म्हणाली. "मीबी येते."

तिने ठेवणीतली मोरपिशी साडी नेसली, कपाळाला विभूती लावली. वाटेत चौक लागला. तिने फ्लेक्सकडे मान वर करून नीट पाहिलं. मला म्हणाली, फोटो चांगला काढला होतास की. तिच्या मनात काय चाललंय हे मलाही कळलं नाही.

कार्यालय भरलं होतं. मला स्टेजवर नेलं. आई बायकांच्या शेवटच्या रांगेत गेली. पंखा तिथेच होता. लोक तिच्याकडे बघायचे आणि लगेच दुसरीकडे बघायचे. स्टेजच्या मागच्या पडद्यावर तोच फ्लेक्स, जरा लहान. म्हणजे समोर माझी आई बसलेली आणि माझ्या डोक्यावर माझी आई मेलेली, आणि भरल्या सभेत एकालाही त्यात काही बोलण्यासारखं वाटलं नाही.

आप्पांनी प्रास्ताविक केलं. पोरगी मीडियात, धारूरचं नाव, घराण्याचे संस्कार. संस्कारांमध्ये आजोबा आले, पणजोबा आले, कपिलधार आलं. आई आली नाही. मग अण्णा उठले. अण्णा बोलायला वस्ताद. विषय माहीत नसला की ते मागच्या फ्लेक्सवर एक नजर टाकतात आणि तिथलंच उचलून बोलतात. त्यांनी नजर टाकली, दोन हार पाहिले आणि खिशातून रुमाल काढला.

"आई न्हाई, बाप न्हाई," अण्णा म्हणाले. "आईबापाचं छत्र हरपलेली ही लेक कुणाच्या आधारावर शिकली? कल्याणरावांच्या. पोरक्या पुतणीला ह्या माणसानं पोटच्या पोरीवानी वाढवलं. टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या झाल्या. हे मला अजून पचत नाही. अण्णांना माहीत नव्हतं, सोडा. पण त्या सभेतली निम्मी माणसं आमच्या दुकानातली साखर खातात. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी तर हात जोडून त्या स्वीकारल्या आणि नम्रपणे मान खाली घातली. मी उठून माइककडे निघाले. काय बोलणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं, पण ते सत्कारात शोभणारं नक्कीच नव्हतं.

माझ्या आधी आई उठली होती.

मधल्या वाटेने ती सावकाश चालत आली. कुणी तिला अडवलं नाही, कारण अडवायचं तर आधी ती आहे हे मान्य करावं लागलं असतं. पायऱ्या चढून ती स्टेजवर आली आणि आप्पांच्या पुढ्यात उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने तसाच ठेवला होता. माइक जवळ होता, त्यामुळे ती हळू बोलली तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"भाऊजी, मी मेले म्हणून लिहिलंय तुमी. असू द्या. पण मग रीत तर पाळा. आपल्यात मेलेल्या माणसाला आडवं टाकत न्हाईत, बसवतेत. सगळ्याच्या मधी, सगळ्याला दिसंल असं. मला बसायला खुर्ची द्या."

हे ती खरं बोलत होती. आमच्यात माणूस गेला की त्याला अंघोळ घालून, विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन भिंतीला टेकवून ताठ बसवतात. बसल्या स्थितीत मिरवणुकीने नेतात, बसल्या स्थितीतच पुरतात. आणि त्या वेळी लहानथोर बघत नाहीत. ज्याला आयुष्यभर कुणी विचारलं नाही त्याच्याही पाया गावातली म्हातारी माणसं पडतात. सभेतल्या प्रत्येकाने हे घरात पाहिलेलं होतं. त्यामुळे हसायची कुणाची छाती झाली नाही.

आप्पा बसून राहिले. राजकारणी माणसाला मात्र वारं लवकर कळतं. अण्णा एकदा फ्लेक्सकडे बघत होते, एकदा आईकडे. त्यांच्या ध्यानात आलं तसं त्यांनी आपली मधली, लाल गादीची खुर्ची पुढे ओढली. आई बसली. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. मग तिने आप्पांकडे थेट पाहिलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून हे पहिल्यांदा.

"आता पाया पडा," ती म्हणाली.

सगळ्यात आधी अण्णा वाकले. खालून मोबाइल वर झाले, अण्णा एक पळ जास्तच वाकून राहिले. मग त्यांच्यासोबत आलेले दोन नेते. मग स्टेजवर आप्पा तेवढे राहिले. ते उठले, उपरणं सावरलं आणि जिच्याकडून वर्षानुवर्षं दर सणाला नमस्कार घेतला तिच्या पायाशी वाकले. आईने त्यांना आशीर्वाद दिला नाही. मेलेली माणसं देत नाहीत. मी स्टेजच्या कडेला उभी राहून ढसाढसा रडले आणि मला वाटलं, झालं. गाव सुधारलं नसेल, पण गावाने पाहिलं.

माझ्यासारखी शिकलेली बावळट शोधून सापडायची नाही. दोन वर्षं फ्लेक्सचा अभ्यास केला आणि फ्लेक्स काय करू शकतो हे मी विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात नवीन फ्लेक्स लागला. आधीच्यापेक्षा मोठा. "मातृशक्तीला वंदन करणारे नेतृत्व." अण्णा वाकलेले, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर भक्ती. कोपऱ्यात आप्पा, शुभेच्छुक. आणि अण्णांच्या हातांखाली मोरपिशी काठ आणि दोन पाय. बिनजोडव्यांचे, टाचांना भेगा पडलेले. गुडघ्यांच्या वरचं सगळं कापलं होतं. आईचा चेहरा नव्हता. नावही नव्हतं.

मी प्रविणच्या दुकानात अशी घुसले की तिथलं एक गिऱ्हाईक उठून बाहेर गेलं. प्रविणने आधीच हात वर केले. म्हणाला, मी पूर्ण फोटो लावला होता ताई, देवाशपथ. अण्णांच्या ऑफिसातून फोन आला, चेहरा काढा. मी विचारलं, का? त्याने जसं ऐकलं होतं तसं सांगितलं.

"चेहरा असला की उमाबाई होतेत म्हणले. नुसते पाय ठेवले की कुणाच्याबी आईचे वाटतेत."

मी काहीतरी उचलून त्या मशिनीवर घालणार होते. हातात स्टेपलर आलाही होता. तेवढ्यात मागून आई आली. दुकान दगडाबाईंवर सोडून आली होती. चौकातून आली होती, म्हणजे तिने पाहिलं होतं. तिने माझ्या हातातला स्टेपलर काढून टेबलावर ठेवला, पदराने स्टूल पुसलं आणि बसली.

तिने प्रविणला विचारलं, वर्षाने काढलेला माझा फोटो आहे का तुझ्याकडे अजून? आहे म्हणाला. तराजूसकट? तराजूसकट. मग आपल्या दुकानाच्या शटरवर मावेल एवढा एक फ्लेक्स काढ म्हणाली. एकटीचा. अण्णा नको, भाऊजी नको, ढग नको. प्रविणने कॉम्प्युटर चालू केला, फोटो उघडला. निळ्या साडीतली आई पडद्यावर आली, गिऱ्हाइकावर डाफरत हसणारी. तो थांबला आणि अडचणीत पडल्यासारखा आमच्याकडे बघायला लागला.

"काकू, निमित्त काय टाकू? वाढदिवस, निवड, श्रद्धांजली... वर काहीतरी लागतं."

"उमाबाई जित्ती हाय, असं टाक."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने एकेक अक्षर टाइप केलं, मोठं केलं, मधोमध आणलं. फ्लेक्सला मुदत असते; वाढदिवसाचा आठवडाभर, श्रद्धांजलीचा तेराव्यापर्यंत, मग उतरवतात. सवयीप्रमाणे प्रविणने तेही विचारलं, किती दिवस लावायचा म्हणून.

"मी हाय तवर," आई म्हणाली.